देवाच्या सहीशिवाय

१८९१ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या कायदेमंडळात संमतीवयाचं विधेयक आलं आणि पुढचे दोन-अडीच महिने पुण्यातली वर्तमानपत्रं आणि सभा त्याच एका विषयाने तापलेल्या राहिल्या. मागणी एवढीच होती, की शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारावर न्यावं. तिच्यामागे एक मृत्यू होता. कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या बळजबरीत रक्तस्राव होऊन मेली होती. ती दहा वर्षांच्या वर होती, म्हणून त्या वेळच्या दंडसंहितेप्रमाणे नवऱ्यावर बलात्काराचा आरोपच बसत नव्हता.

आज तो वाद वाचताना एक गोष्ट फार खटकते. चर्चा त्या मुलीची जेवढी झाली, त्याहून अधिक गर्भाधान संस्काराची झाली. पहिल्या ऋतुदर्शनानंतर तो संस्कार लगेच व्हायला हवा, की लांबवला तरी चालतो? कुठल्या स्मृतिकाराचं काय मत आहे? रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृतचे गाढे पंडित आणि प्रार्थना समाजाचे श्रद्धावान सभासद. त्यांनी ग्रंथांचे आधार देऊन दाखवलं, की संस्कार लांबवल्याने शास्त्राला बाधा येत नाही. टिळकांनी त्यांचे आधार खोडून काढायला लेखणी उचलली. टिळक काही बालविवाहाचे कैवारी नव्हते. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. या सगळ्यात गोपाळ गणेश आगरकरांची भूमिका वेगळी पडली. १८८८ पासून ते 'सुधारक' चालवत होते. शास्त्राचं मत काय, या प्रश्नाला ते शेवटचा प्रश्न मानत नव्हते. एखादी गोष्ट अन्यायाची असेल, तर ग्रंथात तिला आधार सापडला म्हणून ती न्याय्य होत नाही, हा त्यांच्या साऱ्या लिखाणाचा कणा होता.

समजा, त्या वादात भांडारकर हरले असते. समजा, स्मृतींचं एकमुखाने असंच मत निघालं असतं, की पहिल्या ऋतूनंतर सोळा दिवसांच्या आत संबंध व्हायलाच हवा, मग मुलीचं वय काहीही असो. तर फुलमणीच्या बाबतीत जे घडलं ते बरोबर ठरलं असतं का? मला आजवर असा एकही आस्तिक भेटलेला नाही, जो मनापासून 'हो' म्हणेल. सगळे म्हणतात, तरीही ते चूकच होतं. सगळं पुणं त्याला संमती देत असतं तरी चूक होतं. या 'तरीही'मध्ये जे आहे, त्याला तत्त्वज्ञ वस्तुनिष्ठ नीती म्हणतात: कुणाच्या मतावर, रिवाजावर, बहुमतावर किंवा आज्ञेवर अवलंबून नसलेलं बरं-वाईट. अशी नीती आहे, असं मी मानतो. आणि तिच्यावर देवाची सही लागत नाही, असंही मानतो. हे दुसरं विधान अनेकांना पटत नाही. त्यांचा आक्षेप हलका नाही, म्हणून आधी तोच नीट मांडायला हवा.

तो असा. कायदा म्हटला की कायदा करणारा आला. विश्वात निव्वळ अणुरेणू असतील आणि माणूस हा माकडाचा चुलतभाऊ असेल, तर 'खून करू नये' हे वाक्य 'मला कारलं आवडत नाही' याहून वेगळं कसं? आपल्याला खुनाची किळस येते, कारण तशी किळस येणाऱ्या टोळ्या टिकल्या, एवढंच. दस्तयेव्हस्कीच्या 'कारामाझोव्ह बंधू' या १८८० मधल्या कादंबरीत इव्हान हेच घेऊन बसतो: ईश्वर आणि अमरत्व नसेल, तर मग कशाला आडकाठी उरते? आपल्याकडे घरोघरी हेच सोप्या शब्दांत बोललं जातं. 'देवाची भीती उरली नाही, म्हणून हे दिवस आले' असं एखादी आजी म्हणते, तेव्हा तिच्या डोक्यात इव्हान नसतो, पण म्हणणं तेच असतं.

मात्र या म्हणण्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. अमुक गोष्ट चूक का ठरते, हा एक. ती चूक आहे हे आपल्याला कळतं कसं, हा दुसरा. आणि कळूनही माणूस तसं वागेल कशावरून, हा तिसरा. आजीचा प्रश्न तिसरा आहे, इव्हानचा पहिला. तिसऱ्या प्रश्नात देवाच्या बाजूने पुष्कळ बोलता येतं आणि मी पुढे ते बोलणार आहे. पहिल्या प्रश्नात मात्र देव उपयोगी पडत नाही.

ही अडचण प्लेटोने चोवीसशे वर्षांपूर्वी 'युथिफ्रो' या संवादात दाखवून ठेवली आहे. देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? पहिला पर्याय घेतला, तर उद्या देवाला दुसरं काही आवडलं की तेही चांगलं ठरेल. दुसरा घेतला, तर चांगुलपणा देवाच्या आधीपासून आहे. प्लेटो दूरचा वाटत असेल, तर श्रियाळ-चांगुणेची कथा आपल्या घरातली आहे. शिव अतिथीच्या वेषात दारी येतो आणि त्यांच्या मुलाचं, चिलया बाळाचं, मांस मागतो. आई स्वतःच्या हाताने मुलाचं मस्तक उखळात घालून कांडते, वर डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, कारण रडत वाढलेलं अतिथीला चालणार नाही. श्रावणात ही कथा ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावतात. चांगुणेला जे करायला मनाई आहे ते श्रोते करतात. का? मागणारा देवच आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं. आज्ञेनेच कृत्य चांगलं होत असतं, तर इथे रडण्यासारखं काय होतं? आणि शेवटी चिलया हाकेसरशी धावत आला नसता, शिव जेवून तृप्त होऊन निघून गेला असता, तर ही कथा पिढ्यान्‌पिढ्या भक्तीची कथा म्हणून सांगितली गेली असती का? मुलगा परत यावाच लागतो. कथेलाच तसं वाटतं. म्हणजे देवाने कसं वागलं तर तो देव शोभेल, याचं माप ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून आहे.

यावर जाणत्या आस्तिकाचं उत्तर तयार असतं: देव लहरीने आज्ञा देत नाही, चांगुलपणा हा त्याचा स्वभावच आहे. उत्तर सुंदर आहे. पण ते प्रश्न एक पायरी मागे नेतं. करुणा, न्याय, सत्य हे गुण देवाच्या स्वभावात आहेत म्हणून चांगले, की चांगले आहेत म्हणून आपण त्यांना देवाचा स्वभाव म्हणतो? क्रौर्य त्याच्या स्वभावात असतं तर आपण त्याला देव म्हटलं असतं की राक्षस? हा शब्द निवडतानाच आपण निवाडा केलेला असतो.

आपल्या परंपरेपुढे हा पेच पाश्चात्त्यांसारखा कधी उभाच राहिला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. 'देव नसेल तर धर्म कसा' असं वेदांतल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना विचारलं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. जैमिनीची सूत्रं सुरू होतात ती धर्माच्या जिज्ञासेने, आणि त्या धर्माला जगाचा कर्ता लागत नाही. कुमारिल भट्टाने तर 'श्लोकवार्तिका'त जगत्कर्त्याच्या कल्पनेचा कडाडून प्रतिवाद केला. जैनांना सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मान्य नाही, आणि अहिंसेबद्दल त्यांच्याइतकं काटेकोर कोण आहे? जुनं सांख्य निरीश्वर. बुद्धाचं शील कुणाच्या आज्ञेवर उभं नाही. ईश्वरावाचून कर्तव्याचा विचार करणं ही आयात केलेली गोष्ट नाही, हे आपल्याकडच्या निरीश्वरवाद्यांनी जरा अधिक मोठ्याने सांगायला हवं होतं.

पण इथेच एक धोकाही दिसतो आणि तो नास्तिकांनी नजरेआड करता कामा नये. मीमांसकांनी देव काढला, पण आज्ञा ठेवली. वेद अपौरुषेय; त्यांना लिहिणाराच नाही, म्हणून त्यांच्यात चूक संभवत नाही. तेव्हा 'का?' असं विचारायची सोय तिथेही नाही. उलट देवाला निदान गाऱ्हाणं घालता येतं, त्याच्याशी भांडता येतं. आपल्या संतांनी ते मनसोक्त केलं आहे. कर्त्यावाचून आलेल्या विधीशी कोण भांडणार? वर्णाश्रमाची सगळी उतरंड या निरीश्वर पायावर बिनबोभाट उभी राहू शकली. विसाव्या शतकात देवाला हद्दपार करून पक्षाला किंवा राष्ट्राला त्याच्या जागी बसवणाऱ्या राजवटींनी केलेले संहार आपल्याला ठाऊक आहेत. देव मानता की नाही, यापेक्षा तुमच्या नीतीला 'का?' विचारता येतं की नाही, आणि ते कुणाला विचारता येतं, हा फरक माझ्या दृष्टीने फार मोठा आहे.

कुणाला विचारता येतं, हे महत्त्वाचं; म्हणून महाडला जाऊ.

२० मार्च १९२७. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. कायद्याने त्यांना ती मुभा आधीच होती: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा बोले यांचा ठराव होता, त्यानंतर महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही होता. त्याच तळ्यावर जनावरं पाणी पीत, परधर्मीय पाणी भरत. त्या दिवशी परतणाऱ्या माणसांना गावात लाठ्याकाठ्यांनी मारहाण झाली. आणि मग तळं शुद्ध करण्यात आलं. दूध, दही, तूप, शेण आणि गोमूत्र कालवलेले १०८ घडे मंत्रघोषात तळ्यात रिते केले गेले.

हे करणारी माणसं बदमाश नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. ती श्रद्धावान होती. स्वतःच्या जातीत ती खरं बोलत असतील, उसनं घेतलेलं परत करत असतील, आईबापांची सेवा करत असतील. आंबेडकरांनी पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नेमकं हेच हेरलं आहे. चोरांच्या टोळीतही नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातभाईंत असते. पण ती आपल्या गटापुरती असते आणि गटाच्या हितासाठी बाहेरच्याला वगळते. म्हणून निव्वळ नीती असून भागत नाही, ती सर्वांना एकच लागू असली पाहिजे, सार्वत्रिक असली पाहिजे. याच ग्रंथात ते असंही म्हणतात, की धम्मात देवाची जागा नीतीने घेतलेली आहे आणि या नीतीला ईश्वरी संमतीची गरज नाही. माणसाने माणसावर प्रेम करण्याची निकड हाच तिचा उगम. वस्तुनिष्ठ नीतीचा याहून भक्कम देशी विचार मला माहीत नाही.

महाडमध्ये काय चुकत होतं, ते त्या घड्यांपाशी उभं राहून तपासता येतं. तळ्याच्या काठावर आलेल्या माणसाने विचारलं, 'मी पाणी का पिऊ नये?' तर त्याला देता येईल असं कारण काय होतं? 'तू बाटलेला आहेस' हे कारण फक्त सांगणाऱ्याला पटतं. ज्याला सांगायचं त्याच्या बाजूला उभं राहून पाहिलं, की ते ढासळतं. 'आमच्यात तसं नाही' हेही तसंच. कारण म्हणजे कारण. ते देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही जागांवरून दिसलं पाहिजे. जे एकाच जागेवरून दिसतं, ते कारण नसून जोर असतो.

मला वस्तुनिष्ठता सापडते ती इथे. दुखणं ज्याला दुखतं त्याच्यासाठी वाईट असतं, हे कुणाचं मत नाही. माझं दुखणं टाळायला, ते दुखतं एवढं कारण मला पुरतं. तेच तुला दुखलं की ते कारण विरून जातं, असं म्हणायचं असेल तर तुझ्यात-माझ्यात असा कोणता फरक आहे, तो मला सांगता आला पाहिजे. 'मी म्हणजे मी' हा फरक नव्हे. तो प्रत्येकालाच सांगता येतो. दुखण्याइतकंच अपमानाचं, फसवणुकीचं, वगळलं जाण्याचं. हा युक्तिवाद कुणाच्या आवडीवर उभा नाही आणि बहुमताने खोटाही होत नाही. देव असला तरी तो खरा आहे, नसला तरी खरा आहे. जसं सात अधिक पाच बारा हे दोन्ही बाबतींत खरं आहे.

महाडच्या प्रकरणाचा शेवट कोर्टात झाला. त्या निकालाकडे तत्त्वचिंतकांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला वाटतं. तळं आपलं आहे आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची रूढी आहे, असा दावा स्पृश्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये लावला. तो दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. कारण काय, तर ही रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. लढाई जिंकली, पण प्रश्न कोणता विचारला गेला? रूढी किती जुनी आहे, हा. ती अनादी ठरली असती तर? कायद्याला जिथे थांबावं लागतं, तिथून पुढचा हा प्रश्न आहे आणि तो नीतीचाच आहे. रूढी हजारो वर्षांची निघाली असती, तरी तळ्यावरच्या माणसाला देण्यासारखं कारण कुणाकडे नव्हतं. १९५० च्या राज्यघटनेने, म्हणजे तिच्या १७ व्या अनुच्छेदाने, अस्पृश्यता नष्ट केली ती रूढीचं वय न मोजता.

आता उत्क्रांतीचा आक्षेप. परोपकाराची भावना आपल्या पूर्वजांच्या टिकण्याच्या धडपडीतून आली, म्हणून तिच्यात सत्य काही नाही, असं म्हणतात. मोजण्याची क्षमताही त्याच धडपडीतून आली. झाडामागे दोन वाघ गेले आणि एकच बाहेर आला, हे ज्याला कळलं नाही त्याचा वंश खुंटला असेल. म्हणून बेरीज-वजाबाकी हे टोळीचं मत ठरत नाही. क्षमता कुठून आली हा एक प्रश्न, ती क्षमता काय दाखवते हा दुसरा. शिवाय उत्क्रांतीने आपल्याला दिलेली माया जवळच्यांपुरती आहे. आपल्या रक्ताच्या, आपल्या टोळीच्या. तिच्या पलीकडच्या माणसाचाही विचार करायला हवा, हे आपण विचाराने ओळखलं, प्रसंगी त्या उपजत ओढीच्या विरोधात जाऊन ओळखलं.

आणि माणसांत नीतीबद्दल मतभेद आहेत, हे तर उघडच आहे. इच्छामरण, गर्भपात, जनावरांना मारून खाणं या बाबतींत मलाही प्रत्येक वेळी उत्तर येतं असं नाही. दोन्ही बाजूंना खरी कारणं असतात आणि ती एकमेकांवर आदळतात. पण देव मानणाऱ्यांतही हे मतभेद तितकेच तीव्र आहेत, अगदी एकच ग्रंथ मानणाऱ्यांतही. उत्तर अवघड असणं म्हणजे उत्तर नसणं नव्हे.

आस्तिकांचा सर्वांत गंभीर युक्तिवाद मला कांटचा वाटतो. कर्तव्य कर्तव्य आहे ते देवाने सांगितलं म्हणून, असं कांट मुळीच म्हणत नाही. त्याचं म्हणणं १७८८ च्या ग्रंथात असं येतं, की सद्‌गुणी माणसाला त्याच्या सद्‌गुणाजोगं सुख मिळावं, अशी नीतीची आस असते; या जगात तसं घडताना दिसत नाही; म्हणून ते घडवणारा ईश्वर गृहीत धरावा लागतो. थोडक्यात, शेवटी हिशोब चुकता होईल अशी हमी. आपल्याकडे हीच हमी कर्मसिद्धांत देतो, पुष्कळदा ईश्वराच्या मध्यस्थीवाचून.

ही हमी मिळावी असं कुणाला वाटणार नाही? मलाही वाटतं. पण तिची किंमत काय, ते १९३४ च्या एका वादात फार स्पष्ट दिसलं. १५ जानेवारीला बिहारमध्ये महाभयंकर भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर दौऱ्यावर होते. त्यांनी जाहीर केलं, की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः ईश्वर मानणारे, अस्पृश्यतेचे विरोधक, गांधीजींबद्दल अपार आदर बाळगणारे. त्यांना हे सहन झालं नाही. सृष्टीतल्या घडामोडींची नीतीच्या तत्त्वांशी अशी गाठ मारू नका, असं त्यांनी लिहिलं. आणि याच तर्काने तुमचे विरोधकही भूकंपाचं खापर तुमच्यावर फोडतील, असं बजावलं. गांधीजींनी ते पत्र 'हरिजन'मध्ये छापलं आणि आपल्या मताला धरून राहिले. त्यांचा मोठेपणा त्या छापण्यात आहे. बरोबर होते ते रवींद्रनाथ.

कारण हिशोब नेहमी चुकता होतच असेल, तर ढिगाऱ्याखाली सापडलेल्या प्रत्येक माणसाच्या नावावर काहीतरी देणं असलंच पाहिजे. या नाही तर मागच्या जन्माचं, स्वतःचं नाही तर समाजाचं. बिहारमध्ये मेलेल्यांत अस्पृश्यही असणारच. विधवेला, कुष्ठरोग्याला, जातीने खालच्या ठरवलेल्याला 'तुझ्या कर्माची फळं' असं शतकानुशतकं ऐकवलं गेलं, ते याच हमीच्या पोटातून. जिथे सगळा अन्याय शेवटी न्यायच ठरतो, तिथे अन्याय पाहायची नजर मंदावते. मी ही हमी सोडून देतो. काही अन्याय भरून निघाले नाहीत आणि कधीच निघणार नाहीत, हे मान्य करणं जड आहे. पण त्यामुळेच पुढचा अन्याय होण्याआधी थांबवायची जबाबदारी आपल्या अंगावर येते, ती कुणावर ढकलता येत नाही.

तिसरा प्रश्न राहिला: कळूनही माणूस वागेल का? श्रद्धा माणसाला बळ देते, हे नाकारणारे लोक मला आंधळे वाटतात. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि ते दार उघडलं. त्या माणसाच्या पोटात जी तळमळ होती, ती विठ्ठलावरच्या भक्तीपासून वेगळी काढून दाखवता येणार नाही. पण दाराच्या आत उभे असलेले लोकही विठ्ठलाचेच होते. त्यांचीही पूजा खरी होती, आणि विटाळ होईल ही त्यांची भीतीही खरी होती. एकच देव, एकच देऊळ, दोन्हीकडे श्रद्धा. तर मग साने गुरुजी बरोबर आणि दार अडवणारे चूक, हे कशाने ठरलं? विठ्ठलाने ठरवलं म्हणावं, तर तो दोघांच्याही बाजूने बोलत होता. ठरलं ते बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या प्रश्नाने, ज्याला आतल्यांकडे उत्तर नव्हतं.

आणि बळ फक्त श्रद्धेतूनच येतं असंही नाही. आगरकर अज्ञेयवादी होते. परलोकात काही मिळेल, ही आशा त्यांना नव्हती. शिक्षण पुरं होत असताना त्यांनी आईला लिहून कळवलं होतं, की मोठ्या पगाराच्या नोकरीची वाट पाहू नकोस. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले, तोवर लिहीत राहिले. र. धों. कर्वे पक्के नास्तिक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली, 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, काढलं. अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र आंबेडकरांनी घेतलं. ज्या बायांची शरीरं एकामागून एक बाळंतपणांनी पिळून निघत होती, त्यांच्यासाठी हा माणूस अब्रू गमावून बसला आणि समाज त्यालाच अनीतिमान म्हणत होता.

गांधीजी स्वतःही हळूहळू या दिशेला आलेले दिसतात. 'ईश्वर हे सत्य' असं म्हणणारे ते १९३१ च्या सुमारास 'सत्य हाच ईश्वर' असं म्हणू लागले. सत्य नास्तिकालाही नाकारता येत नाही, हे त्यामागचं एक कारण त्यांनी दिलं होतं. आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांच्याशी त्यांच्या लांबलचक चर्चा झाल्या. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं, तेव्हा ते सेवाग्रामला लावायचं गांधीजींनी मान्य केलं, विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायलाही होकार दिला. जानेवारी १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. लग्न त्यानंतर सेवाग्रामलाच झालं. मला हे उदाहरण फार बोलकं वाटतं. विधीतून ईश्वराचं नाव वगळलं, आणि त्या दोघांनी एकमेकांना दिलेल्या वचनांतलं एकही वचन हलकं झालं नाही.

एका बाबतीत मात्र निरीश्वरवाद्यांचं, म्हणजे आमचं, देणं बाकी आहे. आम्ही चिकित्सा केली, पण चिकित्सेने माणसं एकत्र बांधली जात नाहीत. देवळात गेलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी आपल्यासारखी चार माणसं दिसतात. वारीला निघालेल्याला दिंडी मिळते. विवेकाने वागू पाहणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो आणि एकट्या माणसाची नीती फार दिवस टिकत नाही, मग तिचा पाया कितीही पक्का असो. आंबेडकरांना हे पुरेपूर कळलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारताना त्यांनी लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा उच्चारून घेतल्या. काही प्रतिज्ञा देवांना नाकारणाऱ्या होत्या, तर काही चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशा रोजच्या जगण्याच्या होत्या. देव साक्षीला नव्हता. साक्षीला शेजारी उभा असलेला माणूस होता.

नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध आवाज उठवला, त्या कामातही हीच गरज दिसते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणारे पंच स्वतःला नीतीचेच राखणदार समजतात. त्यांच्याकडे देवाच्या शपथा असतात, दंडाचे रिवाज असतात, पिढ्यांचा आधार असतो. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून तो लागू झाला. पण गुन्हा नोंदवायला जाणाऱ्या कुटुंबाशी सकाळी दुकानदार बोलत नाही, दळण दळून मिळत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. पंचांचं चूक आहे, हे सिद्ध करायला त्या कुटुंबाला देवाची गरज नाही. कारणं त्यांच्या बाजूला आहेत आणि ती पुरेशी आहेत. त्यांना गरज आहे ती त्यांच्या घरी जेवायला बसणाऱ्या, पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जाणाऱ्या आणि पुढच्या महिन्यातही येणाऱ्या माणसांची. ती माणसं श्रद्धावान असोत की नसोत, आज आहेत त्याहून पुष्कळ जास्त लागणार आहेत.